ब्रशने लिहिलेला तिसरा अर्ज

विषय : हवल्ली (कुवेत) येथील चिनी चित्रवर्गाच्या प्रदर्शनासाठी हॉल मिळण्याबाबत.
संदर्भ : याच विषयावरील आमचे तीन अर्ज. पैकी दोन परत.

माझ्यासारख्या कारकुनाकडे अर्ज साचतात तसे किस्सेही साचतात. फरक एवढाच, की किस्से कधीतरी निकालात निघतात.

वर्ग लिन बाईंचा. मुलाच्या नोकरीमुळे त्या कुवेतला आल्या आणि दर शुक्रवारी सकाळी आपल्या फ्लॅटमध्ये आम्हाला शिकवू लागल्या. आता मुलाची बदली झाली. महिनाअखेर बाई कायमच्या परत जाणार. त्याआधी विद्यार्थ्यांचं प्रदर्शन पाहावं, एवढीच त्यांची इच्छा. ते होणार, असं मी आणि दाऊदभाईंनी ठरवून टाकलं आहे. दाऊदभाई रत्नागिरीकडचे, हवल्लीतच त्यांचं स्टेशनरीचं दुकान आहे.

* * *

पहिले तीन महिने बाईंनी चित्र काढूच दिलं नाही. चिनी अक्षरांतल्या रेघा, फक्त रेघा! दाऊदभाई वैतागले. "बाई, मी बांबू काढायला आलो, बाराखडी गिरवायला नाय!"

बाईंनी ब्रश उचलला. अक्षरातली उभी रेघ एकावर एक ठेवत नेली, बांबूचं खोड झालं. अक्षरातलेच तिरके फटकारे बाजूला सोडले, पानं झाली. "तुम्ही तीन महिने बांबूच काढताय," त्या म्हणाल्या.

"मग आधी सांगायचं ना! घरी बायको इचारते, आज काय काढलंत, नि मी सांगतो, रेघ!"

* * *

एकदा दाऊदभाईंचा ब्रश सुकला. रेघ मध्ये मध्ये पांढरी राहिली. ते कागद चुरगाळणार, तोच बाईंनी हात धरला. पूर्वी चिनी चित्रकार खडकाची कड काढून आत रंग भरायचे; मग कोणीतरी सुलेखनातली ही कोरडी रेघ उचलली आणि खडक खरखरीत झाला, असं त्यांनी सांगितलं.

दाऊदभाईंनी तो खडक कौतुकाने दुकानात लावला. पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "भाई, प्रिंटरचं कार्ट्रिज बदला."

* * *

चित्रकलेत हे बदल करणाऱ्यांत बरेचसे त्या काळचे सरकारी अधिकारी होते, हे कळलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. दिवसभर ब्रशने कागदपत्रं लिहायची, फुरसतीत त्याच ब्रशने डोंगर! हात लिहिणाऱ्याचा, म्हणून हुबेहूबपणाचा नाद सोडून ते चित्रही लिहू लागले.

घरी मुलीला सांगितलं, "चित्रकलेतली क्रांती ऑफिसातल्या माणसांनी केली!"

"बाबा, तुमच्या ऑफिसात चहाची वेळसुद्धा कोणी बदलली नाही."

* * *

अक्षर असो की पान, एकदा मारलेला फटकारा पुन्हा गिरवायचा नाही, हा बाईंचा कडक नियम. मला एका पानाचं टोक बोथट वाटलं. गिरवलं. आणि सवयीने हात पुढे गेला : दुरुस्तीशेजारी छोटी सही, खाली तारीख!

बाईंनी कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. "पान मेलंय," त्या म्हणाल्या. "सही जिवंत आहे. पान असं काढा."

माझ्या सहीचं एवढं कौतुक एकाही साहेबाने केलं नव्हतं.

* * *

हॉल कुवेतच्याच फिंतास भागात. तिथले मुदीर, म्हणजे मॅनेजर, इजिप्तचे. छापील फॉर्मवर दोन चौकटी : चित्रकला, सुलेखन. खूण एकीवरच करायची. आम्ही चित्रकलेवर केली. सोबत जोडलेला चित्राचा नमुना पाहून ते म्हणाले, "यावर तर लिहिलंय." अर्ज परत. दुसऱ्यांदा सुलेखनावर केली. "यात बांबू आहे." परत!

"दोन्ही आहे, साहेब."

"दोन्हीला चौकट नाही."

बाहेर आल्यावर दाऊदभाई म्हणाले, "सोडायचं नाय हां, भाऊ!"

फॉर्म बाजूला ठेवला. दाऊदभाईंनी दुकानातला सगळ्यात चांगला कागद काढला. बाईंनी शाई उगाळली आणि समासात बांबू काढला. मी ब्रशने अर्ज लिहिला, कुठेही न गिरवता, आणि खाली सही केली. मुदीरसाहेबांनी तो दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेला. शिक्का मारला नाही. पण परतही केला नाही!

काल चौकशीला गेलो. अर्ज फ्रेम होऊन त्यांच्या खुर्चीमागे लागला होता.

"म्हणजे मंजूर?" मी विचारलं.

"फाइलमध्ये अर्जच नाही. मंजूर काय करू?"

"मग तो काढून फाइलला लावा."

"तो? तो मी देणार नाही!"

लिन बाईंचं विमान येत्या गुरुवारी आहे. अर्ज प्रलंबित आहे.