कबड्डीच्या संघाला बूट

कबड्डी मातीत अनवाणी खेळतात, हे पनवेलच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बुटांच्या कंपनीला मात्र नव्हतं. नव्वदच्या आसपास त्यांचा विक्रीसाहेब आमच्या मंडळात येऊन म्हणाला, "नाव तुमचं, बूट आमचे. दोघांचाही फायदा." बुटावर एका बाजूला मंडळाचं नाव, दुसऱ्या बाजूला कंपनीचं, तेच बूट बाजारात विकायचे, आणि बदल्यात आम्हाला नवे कपडे. मी मंडळाचा चिटणीस, खेळायचोही. सही मीच ठोकली. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

बुटांचे नंबर लिहून द्यायचे होते. आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू दरवर्षी दिवाळीनंतर बायकोसकट वीटभट्टीवर जायचा. त्याने जन्मात बूट घातले नव्हते. लाजून म्हणाला, "भाऊ, तुमचा जो नंबर हाय, तोच माझा लिवा." मीही लिहिला. एकदा त्याच्या पायांकडे बघावं, एवढंही सुचलं नाही.

अंतिम सामना दिवाळीच्या तोंडावर होता. तळोज्याच्या एका कारखान्याचे साहेब तो बघायला येणार होते. त्यांच्या संघात एक जागा होती आणि जागेबरोबर कायमची नोकरी. ती आमच्या या चढाईपटूलाच मिळणार, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. यंदा भट्टीवर जायचं नाही, असं त्याच्या बायकोने भट्टीवाल्याला सांगूनही टाकलं होतं.

मैदानात बूट चालत नाहीत, हे विक्रीसाहेबांना आदल्या दिवशी कळलं. मग त्यांनी हट्ट धरला, की एस.टी. स्टँडपासून मैदानापर्यंत तरी बूट घालून मिरवत चला. पुढे ताशा, मागे फोटोवाला. आम्हीही नंदीबैलासारखे चाललो. अर्ध्या वाटेत आमचा चढाईपटू लंगडायला लागला. मी विचारलं, तर म्हणाला, "चावतात जरा. पन फोटू काडतात ना, चालू द्या."

बूट काढले तेव्हा दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या. तरी तो मातीला हात लावून, कपाळाला लावून आत उतरला. पहिल्या तिन्ही चढायांत त्याची पकड झाली. मग त्याच्या जागी चढाया मी केल्या, आणि नेमक्या त्याच दिवशी माझ्या सगळ्या चढाया लागल्या.

सामन्यानंतर कारखान्याच्या साहेबांनी मला बोलावलं. त्याच्या टाचांचं सांगायला हवं होतं, तोंडाशी आलंही होतं. पण साहेबांनी कायमची नोकरी मलाच देऊ केली, आणि मी नुसतं 'हो' म्हणून टाकलं. मला अजूनही माझाच संताप येतो.

नोकरी मला लागल्याचं कळल्यावर तो म्हणाला, "बरं झालं भाऊ. नोकरी आपल्या मंडळातच ऱ्हायली."

दिवाळी झाली आणि तो भट्टीवर गेला. मी त्याच नोकरीतून रिटायर झालो.