दोघींचा आकडा एकच

अकरा वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा नोकरीला लागले, ती पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत. संस्था घरकाम करणाऱ्या बायकांची आरोग्य तपासणी करायची. ती माहिती रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून प्रत्येकीची चिठ्ठी छापायची, हे माझं काम. वजन कमी, ठीक की जास्त, ते आकड्यासह चिठ्ठीवर येई. त्यासाठी वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं असतं. ते सूत्र मी स्वतः सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं आणि घरी दोनदा सांगूनही झालं होतं.

वारज्यातल्या शिबिराच्या चिठ्ठ्या वाटल्यावर आठवड्याभरानं आमच्या सिस्टर दोन प्रती घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या बाई.

"दोघींचं वजन चोपन्न. एक माझ्या कानाशी येते, दुसरीशी बोलताना मला मान वर करावी लागते. आकडा दोघींचा अठरा. कसा?"

"कॉम्प्युटरनं काढलाय, सिस्टर."

"बरं. आता तुम्ही काढा."

मी मोबाइलवर हिशेब केला. बुटकीचा चोवीसच्या पुढे, उंच बाईचा एकोणीस. मी दोन्ही प्रती घेऊन आमच्या साहेबांकडे गेले.

ते म्हणाले, "सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करू. सोमवारी येतील."

"नको. चूक माझी आहे. मीच शोधते."

डबा तसाच राहिला. शेवटी मी भागाकार काढून टाकला आणि नुसता उंचीचा वर्ग छापून पाहिला. प्रत्येकीपुढे तीन. पूर्ण रकान्यात तीनच. एक्सेलमध्ये घातासाठी जे टोपीसारखं चिन्ह मी वर्षानुवर्षं वापरलं, त्याचा या स्क्रिप्टच्या भाषेत अर्थच वेगळा होता. ते मीटरमधल्या उंचीचे दशांश सोडून देत होतं, म्हणजे सगळ्यांची उंची एकच धरत होतं, आणि वर भलतंच गणित करत होतं, तेही काही तक्रार न करता. मी तिथे घाताचं फंक्शन लिहिलं, वीस जणींचे आकडे हातानं ताडून पाहिले, मग सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं छापल्या.

साहेबांचं म्हणणं, पुढच्या शिबिरात बदलून देऊ. मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टरना घेऊन वस्तीत गेले.

तिथे पोळ्यांची कामं करणाऱ्या एका बाईंचं वजन चौऱ्याहत्तर. माझ्या जुन्या चिठ्ठीनं त्यांना 'ठीक' ठरवलं होतं.

"तुमचा कागद आला आणि मी सकाळचं चालणं सोडलं," त्या म्हणाल्या. "आता जास्त म्हणताय?"

"हो. हिशेब माझा चुकला होता, ताई. तुमचा दोष नाही."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरून पाहिले. मग जुना मला परत दिला आणि सिस्टरना विचारलं, "किती चालायचं?"

सिस्टर त्यांना समजावत बसल्या. मी पुढचं दार वाजवलं. अजून चौदा घरं बाकी होती.