मागचा डावा टायर

बसा, चहा होतोय तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. फक्त सासूबाईंसमोर विषय काढू नका. त्यांना ठाऊक नाही असं नाही हो, त्या गाडीतच होत्या. म्हणून तर म्हणतोय!

सासूबाई संक्रांतीला साताऱ्याहून आमच्याकडे, दिल्लीजवळ इंदिरापुरमला आल्या होत्या. त्यांच्या माहेरचा कुणी पूर्वज पानिपतावर पडला, असं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ती लढाई संक्रांतीचीच, म्हणून एकदा तरी संक्रांतीला पानिपतच्या रणभूमीवरच्या स्मारकाला, काला अंबला जाऊन हात जोडायचे, एवढीच म्हातारीची इच्छा. आमच्या इथल्या मराठी मंडळाची बस तिथल्या कार्यक्रमाला जाणारच होती.

"अहो, आईला बसमधूनच नेऊ या ना," आमची ही, म्हणजे सुनीता, म्हणाली.

"बस? दारात गाडी असताना तुझी आई बसमधून जाणार? बिल्कुल नाही!"

आता जावयाचा रुबाब म्हणून काही असतो की नाही?

आदल्या आठवड्यात गाडी दिल्लीत करोल बागला टायरवाल्याकडे नेली. मागचा डावा टायर झिजला होता आणि डिक्कीत स्टेपनी कोरी करकरीत पडलेली. सरकारी नोकरीत जन्म गेलाय माझा, पडून राहिलेली वस्तू मला बघवत नाही. म्हटलं, ही स्टेपनी लाव मागे डावीकडे आणि ते झिजलेलं चाक टाक डिक्कीत.

"अंकल, इसमें हवा कम है. भर दूं?"

"अरे यार, डिक्की में ही तो पड़ा रहेगा!"

घरी पोचेपर्यंत डॅशबोर्डवर पिवळा दिवा. आमच्या गाडीत पडद्यावर चार चाकं दिसतात आणि कुठल्या चाकात किती हवा आहे तेही दिसतं. तीन चाकं ठीक. मागचं डावं, बारा! हवी तेहतीस. आठवडाभर मी जिथे पंप दिसेल तिथे हवा तपासत होतो. पंपावर सगळं ठीक, गाडीत बसलो की बारा.

संक्रांतीच्या सकाळी निघालो. कार्यक्रम अकराला. पहिल्याच पंपावर थांबलो.

"अंकलजी, पैंतीस है इसमें."

"तुम्हारा मीटर गलत है. गाड़ी में कंप्यूटर लगा है, वो झूठ बोलेगा क्या? डालो और!"

त्यानं बिचाऱ्यानं भरली. पडद्यावर बारा.

पुढे कुंडली गावच्या पंपावरच्या माणसानं मागच्या सीटकडे पाहिलं आणि म्हणाला, "पीछे वजन ज्यादा होगा, जी."

मागे डावीकडे कोण बसलं होतं? सासूबाई. मांडीवर तिळगुळाचा डबा घेऊन.

हे मी तिथेच गिळून टाकायला हवं होतं. पण नाही! मी मागे वळून म्हणालो, "आई, जरा उजवीकडे सरकता का? टायरवर लोड येतोय."

सुनीतानं माझ्याकडे असं पाहिलं की थंडीत घाम फुटावा. सासूबाई गुपचूप सरकल्या.

"कमी झालं का काही?"

"बाराच आहे, आई."

"मग पुढं येऊन बसू?"

त्या पुढे आल्या, सुनीता मागे गेली. पडदा बघितला. बारा.

"म्हणजे माझ्यामुळं नव्हतं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. त्या शांत झाल्या की मला जास्त भीती वाटते.

मुरथलला पुन्हा हवा. टायर इतका टणक झाला की लाथ मारून पाहिली तर माझाच अंगठा दुखला. तरी मी म्हणतोय, "और डालो!" माणसाची बुद्धी फिरली की फिरली.

समालखाच्या पुढे एक खड्डा आला आणि फाट्कन आवाज झाला. उतरून पाहतो तर मागचा डावाच!

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. "बघा! गाडी सांगत होती की नाही?" मी हायवेवर उभा राहून ओरडलो. "कंप्यूटर कधी चुकत नाही!"

मग ऐटीत डिक्की उघडली, बॅगा उतरवल्या आणि स्टेपनी काढून रस्त्यावर ठेवली. ती बसली. म्हणजे अक्षरशः खाली बसली.

सासूबाई जवळ आल्या. एकदा त्या चाकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"प्रकाशराव, हे चाक आधी कुठं होतं?"

"मागे..."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. हवा मोजणारं ते यंत्र चाकाच्या आत असतं आणि चाकाबरोबरच जातं; कोऱ्या स्टेपनीत ते नव्हतंच. गाडी डिक्कीतल्या चाकाची हवा सांगत होती. आठवडाभर अगदी खरं सांगत होती! आणि मी चांगल्या टायरात हवा ठोसून तो फोडला, वर सासूबाईंचं वजन काढलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

साडेदहा वाजत आले होते. सासूबाई डबा छातीशी धरून पानिपतच्या दिशेनं बघत उभ्या. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. मंडळाची बस! तिच्यात नेमक्या दोन जागा रिकाम्या होत्या.

"अहो, तुम्ही या मागून," म्हणत सुनीता चढलीसुद्धा.

सासूबाई बसमध्ये चढल्या आणि थेट शेवटच्या रांगेत, डाव्या खिडकीशी जाऊन बसल्या. मुद्दाम! काच सरकवून त्यांनी मला जवळ बोलावलं, डब्यातला एक लाडू माझ्या काळ्या झालेल्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या,

"तिळगूळ घ्या, प्रकाशराव. आणि आता काहीच बोलू नका."