वावरातली पालकसभा

सरकारी कागद आला की त्याची घडी मोडायची नाही, अशी आमच्या गावची रीत होती. कागद जपून ठेवायचा, पटवारी फेरीवर आला की बाहेर काढायचा, आणि पटवारी वाचेल तोच त्याचा अर्थ. जनकाबाईंच्या घरी एक पत्र्याची पेटी होती. १९६१च्या दिवाळीनंतर तिच्यात शाळेचे तीन कागद जमले. तिन्ही जसेच्या तसे, न उघडलेले.

कागद सहदेव गुरुजींचे होते. देऊळगाव राजाचा तेवीस वर्षांचा तरुण, पहिलीच नेमणूक. बीबीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात तालुक्याच्या जनपद सभेची शाळा होती. चावडीला लागून एक खोली, चार वर्ग आणि एकटे गुरुजी. चौथीत आम्ही पाच मुली. जनकाबाईंची बेबी आणि मी एकाच तरटावर बसायचो.

घोटाळा वेचणीच्या दिवसांत झाला. सकाळी दवाने पाला नरम असतो, कापसाला वाळकी पत्ती चिकटत नाही, म्हणून वेचणी उजाडताच सुरू होते. पंजाबरावांच्या वावरात वेचणाऱ्या बायांच्या म्होरक्या जनकाबाई. आम्हीही आयांसोबत एकेक पात, म्हणजे कापसाची एकेक ओळ, धरायचो आणि बारा वाजता हात धुऊन शाळेत पळायचो. हजेरी अकरालाच झालेली असायची. गुरुजी आम्हाला शिकवायचे सगळं, पण हजेरीपटात एकदा मांडलेली गैरहजेरी त्यांना खोडता येत नव्हती.

“आईला सांगा, घंटेला पाठवा,” असं ते आम्हाला दोनदा म्हणाले. आम्ही घरी अवाक्षर काढलं नाही. शाळेतून तक्रार आली की शाळाच सुटणार, एवढं आम्हाला कळत होतं. मग त्यांनी कोतवालाच्या हाती चिठ्ठ्या पाठवल्या.

चौथी चिठ्ठी घेऊन माणिकराव कोतवाल मंगळवारी दुपारी आले. जनकाबाईंनी ती कपाळाला लावली आणि पेटी उघडली.

“हेबी पेटीतच टाकता काय?” माणिकराव म्हणाले. “परवा मास्तर नाव कापून राह्यले.”

“कोणाचं?”

“तुमच्या बेबीचं. अन् बाकीच्या चौघींचंबी. महिना झाला, पोरी गैरहजर.”

“माही पोरगी रोज जाते शाळेत.”

“आता मास्तर खरे का तुमी खऱ्या, ते मले नका विचारू. मी आपला कागदाचा बैल. ओझं वाहतो.”

पेटी अंगणात आली. बेबीला समोर बसवण्यात आलं. तिने पहिला कागद उघडला आणि शाळेतला धडा वाचावा तशा खड्या आवाजात वाचला. आपली मुलगी वेळेवर हजर राहत नाही, तरी आपण शाळेत येऊन भेटावे.

“अन् बाकीच्यात?”

“तेच. अन् या चौथ्यात, परवा नाव कापणार म्हणून.”

“तुले हे वाचता येत व्हतं?”

“हाव.”

“मंग काऊन नाही वाचलं?”

“तू कधी दिलं मले?”

बेबीचे वडील रामराव ओसरीवर दावं वळत बसले होते. ते म्हणाले, “सरकारी कागद पोरीच्या हातात कोण देते?”

“तुमचाच कायदा,” जनकाबाई म्हणाल्या. “बसा आता दावं वळत.”

पण त्यांचा चेहरा उतरला होता. नाव कापलं तर चौथीची परीक्षा नाही. परीक्षा नाही तर बीबीची पाचवी नाही. थोरल्या मुलीचं नाव असंच दुसरीत कमी झालं होतं. ती पंधराव्या वर्षी सुलतानपूरला सासरी गेली. त्या वेळी जनकाबाईंनी कोणाला काही विचारलं नव्हतं. विचारता येतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

दिवस मावळायच्या आत त्या बाकीच्या चारही घरी जाऊन आल्या. माझ्या आईकडे, म्हणजे केसरबाईंकडे, चिठ्ठ्या ज्वारीच्या कणगीत निघाल्या. गोजरबाईंनी तर देवाच्या तसबिरीमागे ठेवून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं.

बुधवारी अकराच्या आधी पाच बाया शाळेसमोर उभ्या राहिल्या. चावडीच्या ओट्यावर बायांनी चढायचं नसे, म्हणून खालीच. गुरुजींनी वरून पाहिलं आणि ते स्वतः खाली उतरले.

“चार चिठ्ठ्या पाठवल्या, बाई. एकीचंही उत्तर नाही.”

“जपून ठेवल्या ना, गुरुजी. एकीलेबी सुरकुती नाही.” जनकाबाईंनी चारही पुढे धरल्या. “तुमी वावरात काऊन नाही आले?”

“मी कोतवालाला पाठवलं होतं.”

“कोतवाल दिसला का बाया मागच्या दारानं निघून जातात. कोण जाणे काय आणलं. तुमी आले असते, त पाणी दिलं असतं.”

गुरुजींना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. मग त्यांनी हजेरी कशी मांडतात ते समजावून सांगितलं. जनकाबाईंनी ते दोनदा विचारून घेतलं.

“म्हंजे घंटा झाल्याबरोबर नावं घेता? आमाले वाटे, दिवसातून एकदा पोरगी तुमाले दिसली का झालं.”

“तुम्ही पाचही जणींनी हमी दिली तर नावं ठेवतो. पण उद्यापासून मुली घंटेला हव्यात.”

पाच अंगठे उमटले. पण हमी पाळायची तर पंजाबरावांचं मन वळवायला हवं होतं, आणि तेही त्याच दिवशी. पंजाबराव धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे होते.

“अन् पोरींच्या पाती कोण वेचंल? मास्तर?”

“मास्तरले परहाटी कोणती अन् तूर कोणती, ते तरी कळते काय? आमी वेचू. पाच पाती वाटून घेऊ. कापूस कमी भरला, त मले बोला.”

“दव उडून गेलं त?”

“त अजून लवकर येऊ. तुमी उठून बसाल ना?”

मागे बाया पदरात हसल्या. पंजाबराव उशिरा उठतात, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. “या बाप्पा,” म्हणून ते वळले.

गुरुवारी वावरातून घंटा ऐकू आली तेव्हा, आई सांगते, सगळ्या बाया एकदम ताठ उभ्या राहिल्या. इकडे गुरुजींनी आमची नावं गरजेपेक्षा मोठ्याने घेतली. आम्हीही पाचही वेळा ‘हजर’ तितक्याच मोठ्याने म्हटलं.

त्यानंतर दर बुधवारी, बाया बाभळीखाली शिदोरी सोडायच्या वेळी गुरुजी वावरात येऊ लागले. पहिल्यांदा त्यांनी कागदावरून वाचायला घेतलं.

“कागद खिशात ठेवा, गुरुजी,” जनकाबाई म्हणाल्या. “बेबीचं काय चुकते, ते सांगा.”

“भागाकार. घाई करते.”

“बापावर गेली,” गोजरबाई म्हणाल्या. मग सगळ्याच बोलू लागल्या. आमच्यातल्या, वर्गात पेंगणाऱ्या सिंधूला गुरुजी मंद समजत होते. ती पहाटे उठून तीन खेपा पाणी भरते, हे त्यांना तिच्या आईकडून कळलं. पुढच्या आठवड्यात पाण्याची एक खेप सिंधूच्या भावाकडे गेली. गुरुजींनी ते त्याला वर्गातच सांगितलं होतं, भूगोल शिकवता शिकवता.

परीक्षेचं केंद्र बीबीला होतं. आम्ही पाच जणी पायी गेलो आणि पाचही जणी पास झालो. निकाल आला तेव्हा बाया परहाट्यांचे, कापसाच्या वाळल्या झाडांचे, भारे बांधत होत्या. गुरुजी भर उन्हात धावतच आले. दम लागल्यामुळे त्यांना बोलता येईना. त्यांनी नुसता हात वर केला, पाचही बोटं पसरून.

जनकाबाईंनी डोक्यावर घेतलेला भारा खाली टाकला. “सांगा तोंडानं,” त्या म्हणाल्या. “एकेकीचं नाव घेऊन सांगा.”

त्यांनी घेतली. प्रत्येक नावाला एकेक बाई खाली बसत गेली.

जूनमध्ये आम्ही बीबीच्या पाचवीत गेलो. एकट्या पोरी दोन कोस कशा जातील, असं गावात कोणी म्हणायच्या आत जनकाबाईंनी पाळ्या लावून टाकल्या. रोज एक आई आमच्यासोबत यायची, तिथल्या गुरुजींना काय सांगायचं ते सांगायची, त्यांचं ऐकून घ्यायची आणि गावात येऊन पाचही घरी पोचवायची. त्या वर्षी आमच्यापैकी एकीचंही नाव कमी झालं नाही. पुढच्या वर्षी पाळीत नऊ आया होत्या.