काचेत पाणी दिसत नाही तेव्हा

जबलपूरजवळच्या रांझीच्या मराठी नाट्य मंडळात श्रीपाद ढोमणेने अकरा वर्षांत नऊ भूमिका केल्या. सहा द्वारपाल, दोन शिपाई आणि एक मुनीम. देवाने त्याला उंची दिली होती, छाती दिली होती, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज दिला होता. फक्त ऐन वेळी शब्द आठवायची सोय तेवढी दिली नव्हती. समोरच्या नटाचं वाक्य संपलं की श्रीपादच्या डोक्यात काळोख व्हायचा. मग त्याची मान हळूच उजवीकडे वळायची, कारण उजव्या विंगेत बापू उभे असायचे.

बापू म्हणजे मंडळाचे प्रॉम्प्टर. तिथल्या फॅक्टरीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले, हाडकुळे, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. वही डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून ते असे कुजबुजत की नटाला लख्ख ऐकू यावं आणि पहिल्या रांगेला पत्ताही लागू नये. मंडळाचे किती राजे त्यांनी सिंहासनावरून पडता पडता सावरले, त्याची गणती नाही.

हाच श्रीपाद दिवसा फॅक्टरीच्या बॉयलरपुढे उभा राहिला की दुसराच माणूस दिसे. वाफेच्या आवाजावरून तो सांगे, डाव्या भट्टीत ओला कोळसा पडलाय. पण कागदावर तो हेल्परच होता. सर्टिफिकेटशिवाय बॉयलर कुणाच्या एकट्याच्या हाती देत नाहीत, आणि आदल्या वर्षी परीक्षेच्या तोंडी भागात श्रीपाद पाच मिनिटं मुका बसून परत आला होता.

मग पासष्टचा सप्टेंबर आला. सरहद्दीवर लढाई पेटली आणि जबलपूरच्या लष्करी सामानाच्या फॅक्टऱ्यांना दिवसाचे तास पुरेनात. नवा बॉयलर चालू व्हायचा होता. मॅनेजरसाहेबांनी श्रीपादला बोलावून सरळ सांगितलं, "ढोमणे, इस बार पास हो गए तो बॉयलर तुम्हारा. नहीं तो बाहर से आदमी आएगा." बाहेरचा माणूस आला की श्रीपादच्या हाती पुन्हा फावडं. वय एकेचाळीस, कंबर आत्ताच कुरकुरत होती.

त्याच सुमारास ब्लॅकआउटमुळे गणपतीतलं नाटक रद्द झालं. तालमी झालेल्या, दाढ्यामिशा आणलेल्या, आणि पडदाच उघडायचा नाही! मंडळी हिरमुसून हॉलमध्ये बसली होती. तेव्हा मशीन शॉपचे बाबाराव, म्हणजे मंडळाचे दिग्दर्शक, एकाएकी उठून उभे राहिले.

"नाटक गेलं तर गेलं. आपण श्रीपादची परीक्षा बसवू!"

"परीक्षा काय बसवता बाबाराव? ते काय तीन अंकी आहे?" बॉयलरवरचा दुसरा हेल्पर दिवाकर हसला.

"तीनच अंक आहेत लेका. पहिला लेखी, दुसरा प्रॅक्टिकल, तिसरा तोंडी. आणि आपला नट तिसऱ्यातच पडून राहिला आहे."

आणि खरंच, बाबारावांनी पुस्तकातून चाळीस प्रश्न काढले, उत्तरं श्रीपादला विचारून घेतली आणि त्यांचे संवाद लिहिले. उत्तरं त्याचीच होती, पण ती हातांत होती, तोंडात येत नव्हती. पाच वाजता खिडक्यांना काळा कागद लावून तालीम सुरू व्हायची. बाबाराव इन्स्पेक्टर व्हायचे, हॅट घालून, छडी आपटून. दिवाकरने श्रीपादच्या ओव्हरटाइमच्या पाळ्या स्वतःवर घेतल्या. सलग बारा तास उभं राहून पाय सुजले तरी म्हणायचा, "मला काय होऊन राहिलं? तू पाठ कर." घरी श्रीपादची बायको शरयू पोळी वाढताना प्रश्न टाकायची. उत्तर आलं की मगच तूप.

"अहो, सेफ्टी व्हॉल्व्ह कशासाठी?"

"शरयू, भूक लागली ना."

"इन्स्पेक्टरसाहेबाला असंच सांगसाल का?"

बापू वही घेऊन उजवीकडे उभे. पंधरा दिवसांत श्रीपाद पहिल्या प्रश्नापासून चाळिसाव्यापर्यंत घडाघड बोलू लागला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. नाटकाचे संवाद दर खेळाला त्याच क्रमाने येतात. परीक्षेचे येत नाहीत.

शहरातल्या एका सरकारी इमारतीत परीक्षा होती. तिन्ही दिवस बापू सोबत गेले. सायकलवर मागे बसून, मांडीवर श्रीपादचा डबा आणि बगलेत वही. लेखी पेपर हिंदीत होता, तो बरा गेला. प्रॅक्टिकलला एका गिरणीच्या बॉयलरवर श्रीपादने हात फिरवला तेव्हा परीक्षकाचा मदतनीस नुसता बघत राहिला. दोन अंक रंगले.

तिसऱ्या दिवशी तोंडी. खोलीत उकाडा, म्हणून व्हरांड्याकडची खिडकी सताड उघडी. टेबलामागे इन्स्पेक्टर. पिकल्या मिशा, शांत डोळे. ना हॅट, ना छडी. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला तो वहीतला चाळिसावा.

"गेज ग्लास में पानी दिखना बंद हो गया. काँच जाँच ली, ठीक है. पानी है ही नहीं. क्या करोगे?"

श्रीपाद एकोणचाळीस पायऱ्या चढून मग या दारात यायचा. आज त्याला एकदम गच्चीवरच उभं केलं होतं. काळोख झाला. घड्याळ टिकटिकलं. आदल्या वर्षीची ती पाच मिनिटं पुन्हा सुरू झाली, आणि अकरा वर्षांची सवय, त्याची मान हळूच उजवीकडे वळली.

उजवीकडे खिडकी होती. आणि खिडकीबाहेर बापू होते!

त्या माणसाला दोष तरी कसा द्यावा? नट अडकलेला पाहून ज्याचे ओठ तीस वर्षं आपोआप हलत आले, त्याचे तिथेच कसे थांबणार? घाईघाईने त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि कुजबुजले, "पंप सुरू कर. पाणी सोड... पाणी सोड..."

श्रीपादला लख्ख ऐकू आलं. आणि त्याच्या अंगावर काटा आला.

कारण ते उत्तर चाळिसाव्या प्रश्नाचं नव्हतंच. ते त्याच्याच वरचं, एकोणचाळिसाव्याचं होतं. पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी कमी दिसत असेल तर पंप लावायचा. पाणी दिसतच नसेल तर आतलं लोखंड लाल झालेलं असू शकतं. त्यावर गार पाणी सोडलं तर बॉयलर फुटतो आणि समोरची माणसं उरत नाहीत.

"नाही!" श्रीपाद ओरडलाच. मागच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज तो. "नहीं! पानी नहीं छोड़ना!"

इन्स्पेक्टर दचकले. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. चष्मा चटकन खाली गेला.

"कौन है वहाँ?"

"साहब..." श्रीपादने हात जोडले. सगळं बुडालं, हे त्याला कळलं होतं. पण खोटं कुठून सुचणार? सुचायचंच असतं तर द्वारपाल कशाला झाला असता? "हमारे बापू हैं साहब. नाटक में पीछे से बताते हैं. आदत है उनको. गलती मेरी है, मैंने उधर देखा."

"उन्होंने पानी छोड़ने को कहा. तुमने क्यों नहीं कहा?"

आता संवाद नव्हते. क्रम नव्हता. बॉयलर होता फक्त. श्रीपाद उठून उभा राहिला, त्याच्या नकळत. आधी धुराड्याची झडप, डँपर, बंद. भट्टीवर ओली राख, नाहीतर आग बाहेर ओढायची. सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. माणसं बाहेर. बोलताना त्याचे हात हवेतली दारं उघडत होते, फावडं मारत होते. इन्स्पेक्टरांनी आपला चहाचा पेला हळूच बाजूला सरकवला.

"और मैनेजर चिल्लाए, लड़ाई चल रही है, भाप बंद नहीं होगी?"

"हाथ जोड़ूँगा साहब. और आग खींच लूँगा."

त्यानंतर आणखी बारा प्रश्न झाले, उलटसुलट. श्रीपाद एकदाही उजवीकडे वळला नाही. शेवटी इन्स्पेक्टरांनी पेन उचललं. "नकल कराने वाले को निकाल देने का नियम है," ते म्हणाले. "पर गलत जवाब बताने वाले के लिए कोई नियम नहीं मिला मुझे." आणि त्यांनी सही केली.

बापू आवारातल्या चिंचेखाली बसले होते, वही मिटून, चेहरा पांढराफटक.

"श्रीपाद, मी घात केला रे. साहेबानं पाहिलं मला. नापास झाला ना तू?"

"पास झालो बापू."

"अँ?" बापू उभेच राहिले. "मग... तुला ऐकू आलं होतं?"

श्रीपादने भर आवारात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"लख्ख ऐकू आलं. तुमच्यामुळेच पास झालो."

पुढे बापू पंधरा वर्षं जगले आणि पंधराही वर्षं ही हकिकत रांझीभर सांगत राहिले. लग्नात, बारशाला, बसच्या थांब्यावर. "ऐन वेळी आवाज दिला, म्हणून पोरगं तरलं!" श्रीपाद बाजूला उभा राहून मान डोलवायचा. शरयूला खरं ठाऊक होतं. एकदा तिने विचारलंच, "काहून सांगत नाही तुम्ही त्यांना?"

श्रीपाद बॉयलर हाउसला निघाला होता. हाताखाली तीन हेल्पर होते आता.

"काय सांगू?" तो चपला घालता घालता म्हणाला. "ते बोलले नसते तर मी मुकाच बसलो असतो ना?"