मराठीतच तर बोललो होतो

आमच्या घरात एक शब्द कुलूप लावल्यासारखा वापरला जायचा. "मराठीत!" बसमध्ये, भाजीवाल्यासमोर, बाबांच्या साहेबांकडे चहाला गेलो की, आई दबक्या आवाजात "मराठीत!" म्हणायची आणि मग आम्ही वाट्टेल ते बोलायला मोकळे. भेंडी जून आहे, साहेबांच्या बायकोने तीच साडी परत नेसलीय, चल आता उठू या. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये सगळ्यांचं असंच होतं. वरच्या मजल्यावर तमिळ, समोर गढवाली, खाली बंगाली. जिन्यात सगळे हिंदी, दार लावलं की ज्याची त्याची.

एकदा हे कुलूप उघडलंही होतं. मी शाळेत असताना बसमध्ये समोर एक झुबकेदार मिशीवाले काका बसले होते. मी आईला म्हटलं, "यांना चहा गाळायला गाळणी लागत नसेल." काका शांतपणे बसून राहिले आणि उतरताना अस्सल पुणेरी मराठीत म्हणाले, "लागते हो बाळ, आले घालून चहा असेल तर लागते." आई हसून हसून बेजार. पण त्यातून आम्ही काही शिकलो का? छे! दिल्लीत मराठी कुणाला कळतंय, हेच आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

हे एवढं सांगितलं, कारण पुढचं जे झालं ते या सवयीमुळे झालं. आणि माझ्यामुळे. मी काही साधीभोळी म्हणून सुटणार नाही, तेही आधीच सांगून टाकते.

मी कॉम्प्युटरच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. गुडगावात तेव्हा जिकडे बघावं तिकडे क्रेन आणि काचा. कालपर्यंत मोहरीचं शेत होतं तिथे आज बारा मजली टॉवरचं चित्र लावलेलं, चित्रात गोरी मुलं फुगे घेऊन पळतायत. आमच्या टीपॉयवरही अशी रंगीत माहितीपत्रकं पडलेली असत. बाबांच्या निवृत्तीला पाच वर्षं होती आणि निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं, हे आमच्या ब्लॉकमधल्या प्रत्येक घराच्या डोक्यावर टांगलेलं असायचं.

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कागद लागला: मराठी येणारे विद्यार्थी हवेत, अर्धवेळ, दिवसपाळी. मी गेले. मराठी येणारी मी एकटीच आलेली, त्यामुळे लगेच घेतलं. कंपनी एका बिल्डरसाठी फोन घ्यायची. लोक फ्लॅटची चौकशी करायला फोन करत, आमची मुलं-मुली हिंदीत, इंग्रजीत उत्तरं देत, आणि प्रत्येक फोन रेकॉर्ड होई. "सेवेचा दर्जा आणि ट्रेनिंगसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो." ऐकलंय ना सगळ्यांनी? डोंबलाचं ट्रेनिंग!

माझं काम ट्रेनिंगचं नव्हतंच. फोनवर माणसाला होल्डवर ठेवलं की त्याला सतार ऐकू येते. पण इकडे मशीन चालूच असतं. त्याच्या घरातला आवाज येतच असतो. माणसाला वाटतं, आपण वाट बघतोय, आणि तो घरच्यांशी बोलायला लागतो. आपल्या भाषेत. ते बोलणं दुसऱ्या भाषेतलं असलं की ती फाइल बाजूला काढत आणि ज्याची भाषा त्याच्याकडे पाठवत. तमिळ एका मुलाकडे, बंगाली एका मुलीकडे, मराठी माझ्याकडे. मी कानाला हेडफोन लावायचा आणि फॉर्म भरायचा. घर कशासाठी हवंय, किती घाई आहे, घरात कोण कोण, खाणं काय. आणि एक रकाना होता, कम्युनिटी.

मी विचारलं होतं, हं! अगदीच मुकी नव्हते. मॅनेजर तिशीतला, टाय लावलेला, सगळ्यांशी यार-यार करत बोलणारा. म्हटलं, "सर, कम्युनिटी क्यों?" तो हसून म्हणाला, "अरे यार, त्योहार पे ग्रीटिंग भेजनी होती है. किसको दिवाली की, किसको ईद की." आणि मी मान डोलावली. कॉलेजात त्याच सत्रात आम्हाला तंत्रज्ञान आणि नीतिमूल्यं असा एक पेपर होता. सर नोट्स सांगत, आम्ही उतरवत. संमती म्हणजे काय, चार मुद्द्यांत लिहा. मला त्यात वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. आजही ती गुणपत्रिका कपाटात दिसली की डोकं फिरतं माझं.

तर तो फोन. बाईंचा आवाज जरा घोगरा, बोलता बोलता मध्येच खुदकन हसणारा. हिंदीत सगळं नीट सांगितलं: यजमान मंत्रालयात, याच वर्षी निवृत्त, तळमजला हवा कारण सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. फोन घेणाऱ्या आमच्या मुलीने "एक मिनट होल्ड कीजिए" म्हटलं आणि सतार सुरू झाली.

बाई लगेच मराठीत. "अहो, मांसाहार करता का विचारलं तर काय सांगू?"

"नाही म्हण."

"खोटं बोलू?"

"अगं, कोंबडी काय फोनवर ओरडणार आहे?"

बाई खुदकन हसल्या. मीही हेडफोनमध्ये हसले. किती आपलं वाटलं, काय सांगू! अगदी आमच्या स्वयंपाकघरातलं बोलणं. मग दाराची बेल वाजली, कुणीतरी आत आलं आणि मोठ्याने म्हणालं, "जय भीम, वहिनी!"

"जय भीम, जय भीम, या. हळू बोला हो, फोन चालू आहे."

आणि यजमानांचा आवाज: "राहू दे गं. मराठीत चाललंय. त्यांना काय कळतंय!"

मला कळलं. त्या अख्ख्या मजल्यावर, दीडशे माणसांत, त्या दोन शब्दांचा अर्थ लावून रकाना भरू शकणारी एकटी मी होते. आणि मला का कळलं? कारण आमच्याही दारात लोक तेच म्हणत येतात. आम्हीही विदर्भातले बौद्ध. माझे आजोबा जे दोन शब्द अभिमानाने म्हणायचे, ते ऐकून मी रकान्यावर माउस नेला, यादी उघडली आणि "एस.सी." निवडलं. खाण्याच्या रकान्यात "मांसाहारी, लपवतात." घाईच्या रकान्यात "खूप." व्यवस्थित, एकही चूक नाही. माझं टायपिंग पहिल्यापासून चांगलं.

महिनाअखेरीला मला बारकाईने काम करते म्हणून कंपनीचा कॉफी-मग मिळाला. त्यावर चांदणी. आईने त्यात पेनं ठेवली.

बुद्धपौर्णिमेला आमच्या सेक्टरच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. वंदना झाली, भाषणं झाली, खिरीचे द्रोण फिरत होते. माझ्या मागच्या खुर्च्यांवर बायका बोलत होत्या आणि मला तो आवाज आला. घोगरा, आणि मध्येच खुदकन. मी वळलेच नाही. तशीच बसून ऐकत राहिले. सवयच लागली होती ना ऐकायची!

बाई सांगत होत्या की फ्लॅट अगदी हातात आला होता. तळमजला, पुढे छोटी बाग. दोनदा जाऊन बघून आले. सासूबाईंना टॅक्सीने नेऊन दाखवलं, त्यांनी खुर्ची कुठे ठेवायची तेसुद्धा ठरवलं. आणि मग फोन आला की तळमजला संपला. दुसऱ्या ब्लॉकमध्ये? तिथलाही संपला. वरचा मजला? सगळंच संपलं. "आणि यांच्या ऑफिसातल्या शर्माजींनी दुसऱ्या दिवशी फोन केला, तर त्यांना तोच फ्लॅट देऊ केला. तोच! नंबरसुद्धा तोच."

"आडनावावरून असेल," कुणीतरी म्हणालं.

"छे हो, आपली आडनावं इथे कुणाला कळतायत! म्हणून तर दिल्लीत बरं होतं. आम्ही कुठे काही बोललोच नाही. बोललो ते घरात, आपापसांत, आणि मराठीतच तर बोललो होतो."

मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "त्यांना कसं कळलं, हेच मला कळत नाही."

त्यांना क्वार्टर सोडून दोन महिने झाले होते. आता ते पहाडगंजमध्ये भाड्याने राहत होते, तिसऱ्या मजल्यावर. सासूबाई आल्या नव्हत्या कार्यक्रमाला. उतरवलं तर परत चढवणार कोण? तेव्हा माझ्या लक्षात आलं, दरवर्षी पहिल्या रांगेत बसणारी, पांढऱ्या लुगड्यातली आजी ती हीच. मला आठवत होती ती. लहानपणी माझ्या हातावर खडीसाखर ठेवायची.

मी खिरीचा द्रोण खुर्चीखाली सरकवला आणि उठले.

सोमवारी मी कॉलेज बुडवून थेट मॅनेजरच्या टेबलापाशी गेले. "वो रेकॉर्ड डिलीट कीजिए." त्याला आधी कळेचना मी काय म्हणतेय. मग म्हणाला, "डिलीट नहीं होता यार, क्लायंट के सर्वर पे चला गया." मी म्हटलं, तुम्ही मला ग्रीटिंगसाठी सांगितलं होतं. तुम्ही फोन करणाऱ्यांना सांगितलं का, की होल्डवर असताना तुमचं स्वयंपाकघर आम्ही ऐकतो? तो खांदे उडवून म्हणाला, "रेकॉर्डिंग का तो बताते हैं शुरू में." मी ओरडले. सगळ्या मजल्याने हेडफोन काढून बघितलं एवढं ओरडले. तो आवाज न चढवता म्हणाला, "तूने झूठ तो नहीं लिखा ना? जो है वही लिखा. फिर प्रॉब्लम क्या है?"

प्रॉब्लम क्या है! इतकी वर्षं झाली, अजून भांडी घासताना मी त्याला उत्तरं देत असते. अरे नालायका, खरं आहे म्हणून ते तुझं होतं का? त्या माणसांनी ते खरं तुला दिलं होतं का? खोटं लिहिलं असतं तर निदान घर तरी मिळालं असतं त्यांना. एका क्लिकने "जनरल" लिहिता आलं असतं. कुणी तपासणारं नव्हतं, तपासायला मराठी येत कुणाला होतं? आणि मी काय केलं, तर शहाण्या मुलीसारखं खरं लिहिलं.

नोकरी त्याच दिवशी सोडली. त्यात काही मोठेपणा नाही, सत्राचा शेवट आलाच होता. तो चांदणीवाला कॉफी-मग मात्र फोडला नाही. फोडायला हवा होता.

आता फोन खिशात बसून ऐकतो, आणि परवानगी द्या, सहमत आहे, पुढे जा, असं दिवसाला दहादा विचारतो. मुलं मला म्हणतात, जाऊ दे ना, आपल्यात लपवण्यासारखं आहे काय? मला संताप येतो. लपवण्यासारखं कुणाकडे काय असतं ते ऐकणारा ठरवतो रे बाळांनो. त्या बाईंनी काही लपवलं नव्हतं. दारात आलेल्या माणसाला "या" म्हटलं होतं.

पुढच्या रविवारी मी पत्ता काढून पहाडगंजला गेले. आईने विचारलं कशाला, तर तिला सांगितलं. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जा. पण माफ करतील असं समजून जाऊ नकोस."

हॉटेलांच्या पाट्यांमधून वाट काढत तो जिना सापडला. तीन मजले चढताना मी पायऱ्या मोजल्या, अठ्ठेचाळीस. बाईंनी दार उघडलं आणि मला ओळखलं. "अगं, तू आर. के. पुरमची ना? ये, ये. केवढी मोठी झालीस! आई, बघा कोण आलंय." सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. यजमान पेपर वाचत होते. बाईंनी पाणी दिलं, पोहे टाकते म्हणाल्या, थांब हं, कढीपत्ता नाहीये, चालेल ना? आणि खुदकन हसल्या.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर बोलता आलं नसतं. होल्डवर काय होतं, फाइल कशी येते, रकाना कुठला, मी काय निवडलं. कोंबडीचं सांगितलं तेव्हा यजमानांनी पेपर खाली ठेवला. "ते मराठी ऐकणारी मी होते," म्हटलं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. बाईंनी गॅस बंद केला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्यासमोर आपापसांत बोलायला त्यांच्याकडे आता भाषाच नव्हती. सासूबाई विचारत होत्या, "काय म्हणते गं ती? काय झालं?"

मग बाई माझ्याकडे वळल्या. हात पदराला पुसले आणि शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलावं तशा, अगदी सभ्यपणे, हिंदीत म्हणाल्या, "अच्छा. ठीक है, बेटा. सीढ़ियाँ अँधेरी हैं, देख के उतरना."