तळ्यापलीकडची सात घरं

दिदोंना पत्ता विचारला की ते अमेरिकेतला पत्ता सांगत नसत. शॉमबर्गच्या आमच्या आवारात बावीस इमारती होत्या, सगळ्या एकाच साच्यातल्या, एकाच मातकट रंगाच्या. मला येऊन आठवडाही झाला नव्हता. दुधाचा गॅलन हातात धरून मी तिसऱ्यांदा त्याच कचऱ्याच्या मोठ्या पेटीपाशी येऊन उभी राहिले. कुणाला विचारायची हिंमत नव्हती. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने, म्हणजे दिदोंनी, काठी उचलली. "पिवळ्या पडद्यांचं घर ना? गिरणीवरून डावीकडे. मग चर्च. चर्चच्या मागे."

तिथे गिरणी नव्हती, चर्चही नव्हतं. तरी मी काठी दाखवेल तिकडे गेले आणि घर सापडलं.

पुढे कळलं की ती कचऱ्याची पेटी म्हणजे त्यांची गिरणी, लॉन्ड्री म्हणजे चर्च, पोहायचा पूल म्हणजे गावचं तळं. आवाराचं ऑफिस म्हणजे जमीनदाराचं घर. "तिथे आत जाताना टोपी काढायची, बाहेर आल्यावर थुंकायचं," असं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं होतं.

दिदो म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा. युक्रेनच्या पश्चिमेकडच्या एका लहानशा गावचे. महायुद्धात जर्मनांनी त्यांना पंधरा-सोळाव्या वर्षी मजुरीला उचलून नेलं, ते पुन्हा गावी गेलेच नाहीत. इथे कारखान्यात आयुष्य गेलं, बायको वारली, मुलगी ओल्हा शेजारच्या गावात राहायची. मला ते 'दोन्यू' म्हणायचे, म्हणजे 'मुली'.

माझं शिक्षण नववी. हे इंजिनिअर, त्यांचे मित्र इंजिनिअर, मित्रांच्या बायका कुणी एम.एस्सी., कुणी डॉक्टर. "तुमचं ग्रॅज्युएशन कुठलं?" असा प्रश्न निघायची वेळ आली की मी पोहे बघायला आत जायची. दिदोंना मात्र पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं. ते म्हणाले, "नववी? मी तीन वर्ग शिकलो. आमच्या गावात तू मास्तरीण झाली असतीस." आपल्या शिक्षणावर मला पहिल्यांदा हसू आलं.

त्यांची एक म्हण होती : "जीभ माणसाला कीव्हपर्यंत नेते." विचारत गेलं की माणूस पोचतो. बसचा ड्रायव्हर, दवाखान्यातली बाई, शाळेचं ऑफिस, सगळीकडे मी त्या म्हणीच्या बळावर तोंड उघडलं. आम्हा दोघांचंही इंग्रजी लंगडं. म्हणूनच आमचं जमायचं. दुपारी मी त्यांच्याकडे बसून आले की हे संध्याकाळी विचारायचे, "झालं का आज व्हिलेज दर्शन?"

मला खरंच त्या गावाचं कुतूहल लागलं होतं. चर्च लाकडी, एकही खिळा नाही असं ते म्हणत. गिरणी पाण्यावरची. आणि चौकात दगडी क्रॉस, 'पानश्चिने'चा.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"आठवड्यातले इतके दिवस जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचं. बैल तुझे, पाठ तुझी, धान्य त्याचं."

"वेठ," मी म्हटलं. आमच्याकडे त्याला हाच शब्द.

"वेठ," त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. "चांगला आहे. छोटा. थुंकल्यासारखा." मग सांगितलं की त्यांच्या पणजोबांच्याही आधी ती बंद झाली, तेव्हा गावाने वेठीचं मयत केलं. खड्डा खणून तिला पुरलं, वर क्रॉस उभा केला. मेली आहे, पण उठू नये म्हणून. माझ्या आजोबांना ही गोष्ट फार आवडली असती.

त्यांचा देश तेव्हा नुकताच स्वतंत्र झाला होता आणि पत्रं येऊ लागली होती. एक पत्र गावच्या शाळेतल्या बाईंचं होतं. मधल्या कम्युनिस्ट राजवटीत चर्चचं गोदाम झालं, क्रॉस पाडला, गिरणी मोडली. क्रॉस पुन्हा उभा करायचाय, पण नेमका कुठे होता हे कुणाला सांगता येत नाही. दिदो, तुम्हाला आठवतं का? ओल्हा उन्हाळ्यात जाणार होती. तोवर नकाशा हवा होता.

दिदोंनी कागदावर चार रेघा ओढल्या, त्या गाव सोडून टेबलावर गेल्या. मग मी म्हटलं, रांगोळीसारखं करू. मोठ्या कागदावर मी सारख्या अंतरावर ठिपके काढले. एक ठिपका, एक घर. ते घरमालकाचं नाव सांगायचे, मी ऐकू येईल तसं पेन्सिलीने मराठीत टिपायची, मग ते खोडून शाईने आपल्या अक्षरात लिहायचे. दीड महिना आम्ही त्या गावात हिंडलो. तळ्याच्या अलीकडे सगळं भरलं. पलीकडे कागद कोरा होता.

एके दिवशी मी विचारलं, "पाणी कुठून भरायचे?"

"चौकातल्या विहिरीवरून. सगळे."

"सगळे म्हणजे कोण?"

मी सवयीने विचारलं. आमच्याही गावात मोठी विहीर होती, आणि पाहुण्यांना गावकरी सांगायचे, इथे सगळे पाणी भरतात. त्या 'सगळ्यां'त आमची वस्ती नव्हती. मी हे दिदोंना सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग शाईची बाटली बंद केली आणि म्हणाले, "आज पुरे."

पुढचे चार दिवस ते बाकावर आले नाहीत. मी दार वाजवलं तर "पाय दुखतो" म्हणाले, दार न उघडता. मला जेवण जाईना. परमुलखात एक माणूस मिळालं होतं, तेही मी तोंड चालवून घालवलं. हे म्हणाले, "यार, म्हातारा माणूस आहे, नसेल मूड." पण मला ठाऊक होतं की मूड नव्हता तो.

पाचव्या दिवशी ते स्वतःच आले. चपला काढून, कधी नव्हे ते माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले.

"तळ्यापलीकडे सात घरं काढ," ते म्हणाले. "ज्यूंची. त्यांच्या गल्लीत विहीर होती. तिचं पाणी गोड. आईला चहाला तेच लागायचं."

मी ठिपके काढले. "त्यांचं काय झालं?"

"एका सकाळी नेलं. जंगलाकडे. दुपारी आवाज आले. दुसऱ्या दिवशी गाव त्या घरांकडे गेलं. कुणी खिडक्या आणल्या, कुणी चूल. बाबांनी आणि मी एक दार आणलं. आमच्या गोठ्याला ते नेमकं बसलं."

ते एकेक नाव सांगू लागले, मी टिपू लागले. झाल्यावर शाईची बाटली त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी हात मांडीवरच ठेवला.

"हे तूच लिही. तुझ्या अक्षरात. दाराची एक बाजू मी धरली होती."

मी शाईने गिरवलं. ओल्हा नकाशा न्यायला आली तेव्हा तळ्यापलीकडे बोट ठेवून म्हणाली, "दिस इज प्रिटी. डिझाइन?" दिदो माझ्याकडे न बघता म्हणाले, "असू दे. तसंच ने."

पानगळीत ते गेले. झोपेतच, ओल्हाने फोनवर सांगितलं. त्यांच्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले. भाषेतलं एक अक्षर कळलं नाही, पण लोक उठले की उठत होते, बसले की बसत होते.

नाताळाच्या सुमारास ओल्हा आमच्या दारात उभी राहिली. हातात शाळेतल्या बाईंचं पत्र होतं. नकाशावरून त्यांनी खणलं, क्रॉसचं दगडी बूड बरोबर चौकात लागलं. गाव फार खूश होतं. शेवटी बाईंनी विचारलं होतं, तळ्यापलीकडे सात ठिपक्यांजवळ ही कुठली लिपी आहे, इथे कुणालाच वाचता येत नाही.

"मी तिथे सांगितलं होतं, नक्षी आहे," ओल्हा म्हणाली. "नाही ना?"

नकाशाची झेरॉक्स तिने टेबलावर पसरली. माझी अक्षरं बारीक, थोडी तिरकी. ती वाचू शकणारी मी एकटीच उरले होते. दाराचं तिला ठाऊक होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. ते सांगायचं काम त्यांनी मला दिलं नव्हतं. नावांचं दिलं होतं.

"शिंपी मोशको," मी वाचलं. ती लिहू लागली. "काचा बसवणारा बेरको. दुकानवाली रुखल्या. सुईण बेयला."

चौथ्या नावाला तिचं पेन थांबलं; ही ज्यूंची नावं हे तिला कळलं असावं. "ओह, टाटो," ती हळूच म्हणाली. म्हणजे 'बाबा'. मग म्हणाली, "गो ऑन."

"जोडे शिवणारा लेइब. त्याचा भाऊ हेर्श."

"आणि सातवं?"

"सातव्याजवळ 'नाव आठवत नाही' असं लिहिलंय."

तिने वर पाहिलं. "ते लिहायचं?"

"त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं," मी म्हटलं. "लिहा."